सर्दी झालेलं कुत्रं

"कुत्रं आहे हो ते," असं म्हणताना माझे शेजारी नेहमी चष्मा पुसायला घ्यायचे. नजर चुकवून खोटं बोलायची त्यांची ही रीत. तिला आमच्या सोसायटीतलं एक माणूसही कधी फसल्याचं मला आठवत नाही.

आमची बिल्डिंग ठाण्यात, खाडीला पाठ लावून उभी आहे. मागच्या भिंतीपलीकडे तिवरांची झाडी, चिखल आणि कोणीतरी टाकून दिलेला सिमेंटचा पाइप. त्या पाइपात कोल्हीण व्यायली, त्याची पहिली खबर यांना. खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर म्हणून जन्म काढलेला माणूस, रिकामा बसणार कसा? संध्याकाळी भिंतीशी प्लास्टिकची खुर्ची टाकायचे, शेजारच्या कट्ट्यावर मी. पिल्लं बाहेर आली की हळू आवाजात घोषणा व्हायची, एक नंबर गाडी लागली, दोन नंबर लागली. तिसरं पिल्लू मागच्या पायाने अधू होतं. मी कंटाळून उठू लागलो की माझा हात धरत.

"लेट आहे, रद्द नाही."

खायला मात्र त्यांनी कधी काही टाकलं नाही. मी एकदा बिस्किट काढलं तर वसकन अंगावर आले. आयतं मिळालं की ती भिंतीअलीकडे येणार आणि मग पिंजरा लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पिंजऱ्याचा विषय शेवटी निघालाच. कोणीतरी फोटो काढले आणि मीटिंग बसली. खाली मुलं खेळतात, कोल्हे पकडून न्यायला सांगा, असा सूर लागला. हे उठले, चष्मा काढला आणि ते गावठी कुत्रं असल्याचं जाहीर केलं. नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडून कोल्हेकुई सुरू झाली, तीही घसा साफ करून. सगळे यांच्याकडे बघायला लागले.

चष्मा पुसता पुसता ते म्हणाले, "सर्दी झालीय त्याला."

सेक्रेटरीसुद्धा हसले. एवढं हसल्यावर पिंजरा मागवायला कोणाचं तोंड होईना. मागच्या भिंतीला पडलेलं भगदाड तेवढं बुजवायचं ठरलं.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलाने त्यांना ठाकुर्लीला नेलं. रोज फोन यायचा, "कुत्री बरी आहेत ना?" तिसरं आता पळतं, असं मी सांगितलं त्या दिवशी त्यांनी तेच मला दोनदा सांगायला लावलं. गेल्या थंडीत ते गेले. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. संध्याकाळी खुर्चीची जागा सोडूनच बसतो.

यंदा पाइपात पुन्हा पिल्लं आहेत. परवा नव्याने राहायला आलेल्या बाई मोबाइल पुढे करत म्हणाल्या, "काका, हा कोल्हाच ना? पकडायला कोणाला फोन करायचा?"

मला चष्मा नाही. मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि ते पुसत म्हणालो,

"कुत्रं आहे हो ते."