नवमीचा अख्खा कांदा

अख्खा शिजवलेला कांदा मला बघवत नाही. सोलायचा, शेंडा उडवायचा, मधोमध खड्डा कोरून त्यात बटर कोंबायचं, वर लाल तिखट, चाट मसाला आणि पुडीतली कसलीशी पावडर, मग फॉइलमध्ये गुंडाळून तासभर मंद आचेवर ठेवायचा. बाहेर काय येतं? तुपकट पाण्यात बसलेला पिवळट, बुळबुळीत गोळा. एक पापुद्रा ओढला की चार निसटतात, आणि जिभेवर घेतला की शेंबडासारखा आत उतरतो. हल्ली लोक याला साइड डिश म्हणतात आणि त्याचे फोटो काढतात. भरले कांदे आम्हीही करतो, पण त्यांना आधी चिरा देतो. आत काय आहे ते दिसतं तरी.

हे ध्यान आमच्या घरात आलं गेल्या कांदेनवमीला, आणि ते केलं माझ्या भावजयीने.

माझं माहेर तेलंगणातल्या गुडीहत्नूरचं. भाऊ भाजीपाला पिकवतो आणि आदिलाबादच्या बाजारात नेऊन विकतो. तिथेच त्याची हिच्याशी ओळख झाली. ही बौद्ध घरातली, मास्तरांची मुलगी. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा आईने अडवलं नाही, अक्षताही टाकल्या. फक्त ती सुनेच्या हातचं खात नाही. तसं तोंडाने कधी म्हणायची नाही. आज दाढ दुखते, उद्या सोमवार, परवा "मले भूकच नाही बापा." सुनेने चहा आणून ठेवला की आईला पित्त व्हायचं. कप तसाच गार व्हायचा, आणि सून आत गेली की आई उठून स्वतःचा चहा टाकायची. त्या गार कपाकडे बघताना तिचं नाक जरासं वर जायचं. मला त्या नाकाचा फार राग यायचा.

एकादशीपासून आईचा चातुर्मास लागतो. कांदा-लसूण बंद, तिचं रांधणं वेगळं, म्हणजे चार महिने आयतं निमित्त. म्हणून नवमीच्या आदल्या दिवशी भावाने तिला सरळ सांगितलं, "उद्या तिच्या हातचं खाशीन तर ठीक. नाही तर आदिलाबादले एक खोली पाह्यली हाये. आमी जातो तिकडं." आई गवार मोडत होती, ती मोडत राहिली.

नवमीला मी मुद्दाम माहेरी गेले. चार महिन्यांचा कांदा एका दिवसात संपवायचा म्हणून सकाळपासून भजी, थालीपीठ, झुणका चाललेलं. भावजयीने विचारलं, "आई, एक पदार्थ मी करू का?" आईने मान वर न करता सांगितलं, "कर ना. कांदे त्या टोपल्यात हायेत."

या टोपल्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे चांगला कांदा बाजारात जातो. घरात येतो तो दबलेला, मोड आलेला, डाग पडलेला. लहानपणापासून आम्ही तोच खातो. कापायचा, वास घ्यायचा, सडका भाग फेकायचा, उरलेला कढईत. हे कोणी कोणाला शिकवत नाही. भाजीवाल्यांच्या घरात कांदा कापल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत, इतकंच. भावजयीच्या माहेरी कांदे किलोभर विकत येतात, निवडून. तिने टोपल्यातले वरून बरे दिसणारे चार घेतले. मी तेव्हा ओसरीवर फोनवर बोलत होते. आईने हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही.

मी आत आले तोवर फॉइलचे गोळे कढईत बसले होते. भावजयीच्या फोनवरच्या व्हिडिओत कोणी बाई तेलुगूत कृती सांगत होती आणि घरभर बटरचा वास सुटला होता. मला तो वास सहन होईना. पण भावजय इतक्या हौसेने आच कमी-जास्त करत होती, की मी गप्प बसले.

ताटं वाढली. आईच्या ताटात तिने स्वतः फॉइल उघडून कांदा ठेवला. आईने भावाकडे पाहिलं, मग एक पापुद्रा काढून तोंडात घातला. गिळला. आमच्या घरात ते पहिल्यांदा घडत होतं. भावजयीने जेवण थांबवलं होतं. आईने दुसरा पापुद्रा ओढला, तसा तिसराही सुटून आला आणि त्याच्या खाली बुडाशी तपकिरी, चिकट लगदा दिसला. वास आला. सडक्या कांद्याचा वास, त्यात गरम बटर. मी नाकाला पदर लावला.

आईने ताट सरकवलं. नाक वर गेलं, तेच, चहाच्या कपाकडे बघताना जायचं ते.

"सडका हाये हा," भावजय म्हणाली. "मले सांगायचं ना आई, कापून पाहाय म्हणून."

"त्याच्यात काय सांगाचं? घरच्या माणसाले मालूम असते."

भावजय उठली, विळी घेऊन आईसमोर बसली. तो कांदा तिने उभा चिरला, सडकं बूड कापून बाजूला टाकलं, उरलेल्याचा वास घेतला. एक तुकडा आधी स्वतः खाल्ला. मग चांगला भाग पुन्हा आईच्या ताटात ठेवला.

"आता मालूम झालं मले," ती म्हणाली. "आता खा."

आईने त्या तुकड्याकडे पाहिलं. त्यात आता किळस येण्यासारखं काही उरलं नव्हतं. "माही नवमी झाली," म्हणत ती हात धुवायला उठली.

मी तिचं ताट ओढलं आणि तो कांदा खाल्ला. अतिशय घाणेरडा लागला. बाहेरून गिळगिळीत, मधे कच्चा, आणि त्या पुडीतल्या पावडरीची आंबट, साबणासारखी चव घशाला चिकटून राहिली. दोनदा उमासा आला. तरी सगळा खाल्ला, भावजय बघत होती म्हणून.

आई पदराला हात पुसत परत आली, तेव्हा भाऊ फोन कानाला लावून आदिलाबादच्या घरमालकाला हिंदीत विचारत होता, ती खोली अजून रिकामी आहे का.