परत येतो का, आधी सांग

आपांच्या हातात कुठलंही पुस्तक द्या, त्या मुखपृष्ठ बघायच्याच नाहीत. मधलंच पान उघडायच्या, चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि विचारायच्या, "यांची रसद कुठून आली?"

जाफराबादच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. सगळी शाळा त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायची. दोघंही जालन्याहून सकाळच्या एसटीनं जायचो. त्या गावातल्याच मस्तगड भागातून यायच्या, पिशवीत डबा आणि एक जाडजूड युद्धाचा इतिहास. आता तुम्हीच सांगा, निवृत्तीला टेकलेली बाई खिडकीशी बसून तोफांचे मारे वाचतेय! कंडक्टरसुद्धा तिकीट फाडता फाडता वाकून बघायचा.

माझं वेड निराळं. जादूगार, ड्रॅगन, कुठल्याच नकाशात नसलेली राज्यं. पुस्तकांची अदलाबदल वाटेतलं राजूर यायच्या आत उरकायची, भांडण मात्र शाळेच्या फाटकापर्यंत पुरायचं.

"भैया, तुमचा हा जादूगार डोंगरात नुसता फिरून राह्यला. खाल्लं काय त्यानं?"

"आपा, जादू आहे ती."

"मंग दोन भाकरी काढायला काय झाल्तं त्याला? मागं पोरं उपाशी चालून राह्यली!"

त्यांच्या इतिहासकारांचीही सुटका नव्हती. सेनापतीचं भाषण पानंच्या पानं आणि डाळ-तांदळाची एक ओळ नाही, असलं पुस्तक त्या लगेच परत करायच्या. पण लिहिणाऱ्यानं खेचरांचा चारा, फाटके बूट, गोठलेलं पाणी लिहिलं असेल, तर ते माझ्या मांडीवर आदळायचं. "हे वाचा. बिलकुल खरं आहे."

त्यांचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता, बर्फातल्या चौकीवर. फोनवर "सब ठीक है अम्मी" याच्यापुढं त्याची गाडी जायची नाही. तो जे सांगत नव्हता ते आपा पुस्तकांत शोधत होत्या. हे कळल्यावर त्यांना चिडवताना माझी जीभ अडखळायला लागली.

मग सीमेवर तणाव वाढला आणि मुलाचा फोन लागेना. स्टाफरूममध्ये कुणी बातम्या लावल्या की आपा उठून व्हरांड्यात जायच्या. एका सकाळी गाडीत म्हणाल्या, "लढाईचं नको आता. तुमचं ते खोटं-खोटं काहीतरी द्या."

माझ्या पिशवीत एका मोठ्या कादंबरीचा पहिला भाग होता. त्यात एक मेंढपाळाचा पोरगा राजाच्या फौजेत जातो. आपांनी चार पानं वाचली आणि बोट घालून पुस्तक मिटलं.

"परत येतो का हा? आधी सांग."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आणि शेवट सांगणाऱ्या माणसाशी मी बोलणं टाकतो, इतका त्यातला कट्टर. शिवाय तो पोरगा परत येत नाही हो. तिसऱ्या भागात खिंडीतच राहतो.

"येतो, आपा," मी म्हणालो. "बराबर येतो."

पुढं एक दिवस फोन लागला. मुलगा सुखरूप होता. आपा भर वर्गात, खडू हातात धरून रडल्या. तिसरा भाग मात्र मी कधी दिला नाही. मागितला की म्हणायचो, कुणीतरी नेलाय.

निवृत्त झाल्यावर आपा मुलाकडे, छावणीतल्या क्वार्टरवर राहायला गेल्या. सकाळच्या गाडीत मला करमत नाही, सरळ सांगतो.

परवा त्यांचा फोन आला. "भैया, तिसरा भाग मिळाला. वाचला."

मी घाईघाईनं म्हणालो, "आपा, मी त्या वेळी..."

"राहू दे रे. बरं केलंस." मग म्हणाल्या, "पण तो पोरगा गेल्यावर त्याच्या अम्मीनं काय केलं, ते लिहिलंच न्हाई रे."

मागून मुलानं हाक मारली. "आती हूँ बेटा," म्हणत त्यांनी फोन ठेवला.