सासऱ्यांवरचा लेख

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ऑनलाइन विश्वकोशावर माझ्या सासऱ्यांविषयीचा लेख पुन्हा पुन्हा नाकारणारा तपासनीस मीच आहे, टोपणनावाने. लेख लिहिणारी माझी बायको, सुमन.

आत्ताही ती समोर बसून तो नव्याने टाइप करते आहे, नाकावरून घसरणारा चष्मा मनगटाने वर ढकलत. तालुक्यातल्या एसटी थांब्यांवरची गावांची नावं तिच्या वडिलांनी रंगवली. पण तसं कुठे छापून आलेलं नाही, आणि छापील पुराव्याशिवाय लेख घ्यायचा नाही असा नियम आहे.

"मेल्याला पुरावा हवाय," ती म्हणाली. "स्वतः पाटी वाचूनच उतरत असेल ना गावात?"

"नियम असतील त्याचे."

"तुम्ही कशाला त्याची बाजू घेताय?"

मी गार झालेला चहा फुंकत राहिलो. आपल्या माणसांबद्दल जे पक्कं ठाऊक असतं, ते बहुतेक असं बिनपुराव्याचंच असतं. सासरे पाट्या रंगवत असताना त्यांची शिडी धरून मी स्वतः उभा राहिलो आहे, पण जावयाची साक्ष विश्वकोशात चालत नाही.

लेख मला आजही मंजूर करता येणार नाही. पण तो नाकारतो कोण, हे सुमनला सांगायचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.