मिरगनीने घातलेला बांध

नदी एका जागी वाहते असं ज्याला वाटतं, त्याने एक हंगाम माझ्या होडीत काढावा. मी नसर, गावचा नावाडी. वर हबशांच्या डोंगरांत पाऊस झोडपतो, तिथली लाल माती घेऊन नाईल आमच्यापर्यंत येते, आणि इथल्या वळणावर तिला काय मस्ती चढते कोण जाणे! आमचा काठ खाते आणि समोरच्या काठावर नेऊन टाकते. उरलेली माती खाली मिसरच्या शेतांना, मग समुद्राला. आमच्या वाट्याला नुसती दरड.

त्या दरडीवर मिरगनीची खजुराची झाडं होती. आमच्याकडे एका झाडाला तीन धनी असतात. इथे जमीन मिरगनीची, रोपं त्याच्या बायकोने, झुबेदाने, माहेराहून आणलेली, आणि पाणी माझ्या बापाच्या रहाटाचं. बापामागे तो वाटा माझा. झुबेदा गेल्यावर मिरगनी त्या झाडांखालीच चहा प्यायचा आणि बुंध्यांशी बोलत बसायचा.

"काय म्हणतेय?" मी चिडवायचो.

"म्हणतेय, नसरच्या चहात साखर कमी घाल."

त्यांची एकुलती एक लेक सकीना. तिच्यासाठी स्थळ बघायला मी मिरगनीला होडीतून समोरच्या काठावर घेऊन गेलो, तर हा बाबा आधी शेतात उतरला. काठावरची नवी माती बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाला, "पक्कं." नवऱ्या मुलाचं तोंड त्याने नंतर पाहिलं. मुलगा थोडा तिरळा निघाला. गाव वर्षभर हसलं. मिरगनी म्हणायचा, "हसा लेको! इकडे जमीन खचतेय, तिकडे वाढतेय. माझी पोर उपाशी राहणार नाही."

मग एका पुरात कडेचं झाड कोसळलं. मिरगनी दोन दिवस जेवला नाही. हिवाळ्यात पाणी उतरल्यावर त्याने टेकडीवरचे दगड गाढवावर लादून आणले आणि झाडांच्या वर, प्रवाह येतो त्या अंगाला, काठापासून नदीत घुसणारा बांध घातला. मीही दगड वाहिले. वाटा होता ना माझा! पुढचा पूर आला, बांधावर आपटला आणि वळून मधल्या धारेत गेला. एक झाड हललं नाही. त्या वर्षी खजूरही असा लागला की विचारू नका.

सकीना दर आठवड्याला माझ्या होडीतून बापाला भाकरी आणि खारवलेले मासे पाठवायची. पुरात होडी बंद होती, पण पूर ओसरला तरी काही येईना. "पोर आजारी तर नाही?" म्हणत मिरगनी होडीत बसला.

समोर पोचलो आणि माझ्या हातातलं वल्हं थांबलं. सकीनाचं घेवड्याचं शेत नव्हतं. शेत होतं तिथे पाणी होतं, आणि घराच्या भिंतीपासून दरड चार पावलांवर आली होती. आमच्या बांधाने वळवलेली धार थेट तिच्या दारात शिरली होती. पोरीने महिनाभर तोंडातून शब्द काढला नव्हता.

मिरगनी तिथेच चिखलात बसला. "मी केलं हे. माझ्या हातांनी."

"तुम्ही काय केलंत? नदीने केलं," सकीना म्हणाली. "उठा बाबा, कपडे भरतील. आम्ही मागे खडकाकडे घर बांधू."

"खडकावर पेरणार काय? दगड?"

"ते आमचं आम्ही बघू. पण बांधाला हात लावायचा नाही. आईची झाडं आहेत ती." तिरळा जावई नुसता उभा होता. बिचाऱ्याला कुणाची बाजू घ्यावी कळेना.

दुसऱ्या सकाळी मिरगनी कमरभर पाण्यात उतरून बांधाचे दगड उपसत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "वेडा झालास का रे म्हाताऱ्या? झाडं जातील! माझा वाटा आहे त्यांत!"

"तुझा वाटा मला माहीत आहे."

"आणि झुबेदाचा? तिला काय तोंड दाखवशील?"

तो थांबला. "नसर, झुबेदाने झाडं लावली ती कुणासाठी? पोर तेव्हा पोटात होती." आणि पुन्हा वाकला. मी चार शिव्या घातल्या आणि घरी गेलो. नंतर मीच होडी आणली. जड दगड त्याला एकट्याला उचलेनात.

पुढच्या पुरात झाडं एकामागून एक गेली, पिकत आलेल्या खजुरांच्या घडांसकट. बायका मयताला रडावं तशा रडल्या. मिरगनीने मात्र तिकडे पाठ केली होती. "होडी काढ," एवढंच तो म्हणत होता. तसल्या पाण्यात कुणी होडी काढत नाही. मी काढली.

दरड चार पावलांवरच थांबली होती. तिच्यापुढे नवा गाळ साचायला लागला होता. मिरगनीने सकीनाच्या भिंतीवर दोन्ही हात टेकले आणि डोळे मिटले.

सकीना धावत बाहेर आली. तिची नजर बापावरून आमच्या काठाकडे गेली. तिथे नुसतं आभाळ होतं. ती किंचाळली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्या आईची झाडं! कुणी सांगितलं होतं?" दोन्ही मुठींनी ती बापाच्या छातीवर मारत सुटली. जावई सोडवायला धावला.

मिरगनीने त्याला हातानेच थांबवलं. त्याच्या दाढीवरून आसवं ओघळत होती आणि तो चक्क हसत होता.

"ओरडू दे तिला," तो म्हणाला. "अहाहा, किती वर्षांनी हा आवाज ऐकतोय! हुबेहूब झुबेदा."