शालनच्या मळ्यातली विहीर आणि एक शनिवार-रविवार

सांगलीला येऊन मला सहा महिने होत आले होते आणि परत जायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. १९७४ सालचा डिसेंबर. माझा जन्म दार-ए-सलामचा, वडील तिथल्या बंदरात कारकून. घरात मराठी, रस्त्यावर स्वाहिली, शाळेत इंग्रजी. अशी मुलगी कॉलेजसाठी ‘आपल्या देशात’ पाठवली, म्हणून तिला तो लगेच आपला वाटतो असं नाही. माझं मराठी आईच्या पोथ्यांमधून आलेलं. मेसमध्ये मी ‘कृपया’ म्हणाले की अख्खी पंगत हसायची. शेवटी मी बोलणंच कमी केलं. सहामाही परीक्षा झाली की वडिलांना कळवायचं आणि बोट पकडायची, असा बेत होता.

खोलीत आम्ही तिघी. वसुधा वाईची, प्रत्येक गोष्टीला आधी ‘नको बाई’ म्हणणारी. शालन पाटणकडची, घरी उसाची शेती, भाऊ लष्करात. एका गुरुवारी मी भिंतीकडं तोंड करून पडलेली बघून शालन म्हणाली, “उठ गं माया. उद्या दुपारनं आमच्यात जाऊ. गुऱ्हाळ चालू झालंय.”

“नको बाई, इतक्या लांब,” वसुधा म्हणाली, आणि सगळ्यात आधी तिचीच पिशवी भरून झाली.

सांगली स्टँडवरून कराडची एसटी. इस्लामपूर, पेठ करत कराडला पोचायला अडीच-तीन तास लागले. तिकीट चारेक रुपये असावं. कराडला स्टँडबाहेर गरम भजी खाल्ली आणि पाटणची गाडी धरली. गाडीत शेजारच्या म्हातारीनं माझी चौकशी केली.

“कुठली गं तू?”

“आफ्रिकेतली,” मी म्हणाले.

म्हातारीनं जरा विचार केला. “तिकडं ऊस हाय का?”

“आहे.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली आणि मांडीवरच्या पाटीतली दोन बोरं माझ्या हातात ठेवली. सहा महिन्यांत माझ्या देशाबद्दल कुणी इतक्या चटकन समाधान मानलं नव्हतं.

मल्हारपेठेच्या अलीकडं फाट्यावर उतरलो. तिथून दोन मैल चालत. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, समोर डोंगर, वाटेवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. शालनची आई दारातच उभी होती. ताठ बांधा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आम्हाला आत घेतलं आणि माझ्या ताटात चार भाकरी ठेवल्या. मी “कृपया, पुरे” म्हणाले तर पाचवी आली.

शनिवारी सकाळी मात्र शालनची वहिनी, कुसुम, मागच्या दारात रडत बसलेली दिसली. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. नवरा लग्नानंतर महिनाभर राहून सरहद्दीवर परत गेलेला. पहाटे मळ्यातल्या विहिरीवर पाणी भरताना खालच्या पायरीवरून तिची पितळी कळशी निसटून बुडाली होती.

“कळशीचं काय येवढं वैनी? संध्याकाळी रानातनं बाबा येतील, गळ टाकून काढतील,” शालन म्हणाली.

“आवं वन्सं, आईचं नाव हाय तिच्यावर,” कुसुम म्हणाली. “रुखवतात दिलेली. आन् आखाडात आई गेली. आता दुसरं काय हाय माझ्याजवळ? आत्याबाईंना कळलं तर म्हनतील, येंधळी सून.”

तिच्या सासूबाई, म्हणजे शालनची आई, ऊसतोडीला भाकरी घेऊन गेल्या होत्या. त्या यायच्या आत आम्ही चौघी विहिरीवर गेलो. चौकोनी, दगडी, एका बाजूनं पाण्यापर्यंत पायऱ्या. जुन्या मोटेची, बैल चालायची धाव काठावर तशीच होती, पण आता पाणी ऑइल इंजिन ओढायचं. शालननं गळ सोडला. तो दोनदा कशाला तरी लागून टणकन वाजला आणि रिकामाच वर आला.

“पाणी किती खोल आहे?” मी विचारलं.

“दोन पुरुष तरी असंल. का?”

“मी उतरते.”

तिघी माझ्याकडं बघत राहिल्या. मी समुद्राकाठी वाढले होते. चालायला आणि पोहायला मी बहुधा एकाच वर्षी शिकले असेन. पण हे त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, कारण सांगण्याएवढं मी बोलतच नव्हते.

“नको बाई!” वसुधा किंचाळली.

साडीत पोहता येत नाही. शालन धावत घरी जाऊन भावाची लष्करातली खाकी हाफपँट आणि बनियन घेऊन आली. वसुधाला वर पहाऱ्यावर ठेवलं. मी शेवटच्या पायरीवरून सूर मारला.

आमचा समुद्र कोमट असतो. कोयनाकाठची विहीर डिसेंबरात काय असते याची मला कल्पना नव्हती. वर आल्याबरोबर मी ओरडले, “बारिदी! बारिदी!” स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘थंडी’. पण कुसुम भाबडेपणानं म्हणाली, “बारडी मागत्यात वन्सं!” आणि तिनं शेजारची बादली थेट माझ्या डोक्याच्या दिशेनं सोडली. इंचभरानं वाचले. मी पाण्यात, त्या पायरीवर, आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो. रडून सुजलेल्या डोळ्यांची कुसुमही.

पहिल्या बुडीत नुसता अंधार आणि चिखल हाताला लागला. दुसऱ्या बुडीत कळशीचा काठ सापडला, पण ती गाळानं भरलेली, जागची हलेना. तिसऱ्या खेपेला दोराचं टोक घेऊन गेले आणि बंदरावर बघितलेली गाठ तिच्या गळ्याला मारली. शालन आणि कुसुमनं ओढलं. कळशी वर आली. कुसुमनं पदरानं गाळ पुसला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि कळशी पोटाशी धरून मटकन खाली बसली.

तेवढ्यात वरून आवाज आला, “ह्यो कुनाचा पोरगा उतारलाय गं हिरीत?”

सासूबाई! पहारेकरी वसुधा ऊस खात दुसरीकडंच बघत होती.

मी हाफपँट सावरत म्हणाले, “मावशी, मी आहे. माया.”

त्या एकेक पायरी उतरून खाली आल्या. सुनेकडं बघितलं, कळशीकडं, मग माझ्याकडं. आता ओरडणार, असं मला वाटलं. पण आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तळाला काय हाय गं?”

“गाळ आहे. आणि अजून एक घागर आहे, अर्धी रुतलेली. पितळी नसावी.”

त्या पायरीवर टेकल्या. “तांब्याची. माझी हाय ती.”

“तुझी?” शालन म्हणाली. “कवा पडली?”

“ह्या घरात आले त्या साली. सासू लय कडक. चोरीला गेली म्हनून सांगितलं. तुझ्या बापालाबी ठाव न्हाई.” मग सुनेकडं वळून म्हणाल्या, “आन् तू रडत बसलीस व्हय? मला सांगायचं न्हाईस? मी तर तीस वरसं कुनाला सांगितलं न्हाई.”

मी परत पाण्याकडं निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. “ऱ्हाऊ दे पोरी, गारठून मरशील.” पण डोळे पाण्याकडंच होते. मी अजून दोन बुड्या मारल्या. घागर वर आली ती हिरवीगार, बुडाला बोट जाईल एवढं भोक पडलेली. मावशींनी ती उलटसुलट करून बघितली आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. कुसुम त्यांच्या शेजारी जाऊन बसली. सासूच्या इतक्या जवळ बसलेली मी तिला तेव्हाच पाहिली.

दुपारी मावशींनी स्वतः आम्हाला गुऱ्हाळावर नेलं. उकळत्या रसाचा गोड वास, अंगावर येणारी ऊब, उसाच्या पेरावर गुंडाळलेला गरम गूळ. रविवारी सकाळी त्या हातात काठी घेऊन धावेवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाहीर केलं, “पोरी शिकत्यात. कुनी गडी फिरकायचं न्हाई हिकडं.” कमरेला दोर बांधून शालन आणि कुसुम पाण्यात उतरल्या. वसुधानं ‘नको बाई’ म्हणत म्हणत गुडघ्यापर्यंत पाय बुडवले.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, स्वेटर न्या, आणि कराडपासून पुढं घाई करू नका. आता हमरस्ता मोठा झालाय, सांगलीहून निम्म्या वेळात पोचाल. विहिरीवर जाळी बसलीय. कुसुमच्या नाती शहरात जलतरण तलावात पोहतात.

मी बोट पकडली नाही. पुढं पदवी, नोकरी, लग्न, सगळं इथंच झालं. ते एका विहिरीमुळं झालं असं म्हणणं फार सोपं होईल. पुढंही पुष्कळदा घर आठवलं, पुष्कळदा रडले. पण त्या दोन दिवसांनंतर मी बोलायला लागले, चुकत, अडखळत, आणि कुणी हसलं तर त्यांच्याबरोबर हसत.

त्या रविवारी दिवेलागणीला होस्टेलवर पोचलो. दारात रेक्टरबाई वही घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कुठं गेली होतीस?”

“गावाला,” मी म्हणाले. जिना अर्धा चढून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, ‘शालनच्या’ म्हणायचं मी विसरले होते.