शेततळ्याच्या तळाशी वार्षिक सभा

आमच्या क्लबच्या अध्यक्षांना एकदा बोलायला उभं केलं, की पुन्हा खाली बसवणं कुणाच्या हातात राहत नसे. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सोन्यासारखा. ज्या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळत बसतात, त्या वयात ते मालवणला जाऊन, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायला शिकले आणि परत येऊन आम्हालाही त्या नादाला लावलं. जुन्नर-आंबेगावातल्या हौशी पाणबुड्यांचा क्लब काढायची कल्पना त्यांचीच. समुद्र इथून घाटाच्या पार पलीकडे, पण तेवढ्यावरून माघार घेतील तर ते सर कसले. सचिव व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून मी झाले.

क्लब ना-नफा तत्त्वावर चालतो. नफा करायचा नाही, हे आम्ही ठराव करून ठरवलं. तसा तो करायचा कसा, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात एकदा मालवण, एरवी रविवारी सराव. येडगाव धरणाचं पाणी गढूळ, त्यात स्वतःचा हात दिसत नाही, शिवाय परवानग्यांची भानगड. म्हणून सराव बोरी बुद्रुकला, आमच्यातल्याच एका द्राक्षबागायतदाराच्या शेततळ्यात. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, तीन पुरुष खोल तळं, पाणी निवळशंख. पहिल्या रविवारी आम्ही टाक्या उतरवत होतो, तर शेजारच्या मळ्यातले एक आजोबा बांधावर येऊन उभे राहिले.

"ह्यात काय गॅस हाय का?"

"नाही आजोबा, साधी हवा आहे."

"साधी हवा?" त्यांनी भोवतालच्या शिवारावर एक नजर फिरवली. "मंग हितली काय वाईट व्हती?"

तर वार्षिक सभा. आदल्या वर्षी ती देवळाच्या सभामंडपात झाली होती. विषय होता टाक्यांची तपासणी कधी करायची. सरांनी सुरुवात केली पृथ्वीवर पाणी कसं आलं इथून. ते कुकडी नदीपर्यंत पोचेस्तोवर निम्मे सभासद फोन कानाला लावून बाहेर गेले होते आणि बागायतदार भाऊ स्वतःच्या पिकअपमध्ये घोरत होते. टाक्यांचा विषय राहून गेला तो गेलाच.

यंदा सभेची तारीख जवळ आली तशी मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, या वर्षी सभा पाण्याखाली घेऊ या."

भाऊ द्राक्षाच्या वेलीला सुतळी बांधत होते. हात थांबला. "पाण्याखाली?"

"तिथं सगळ्यांच्या तोंडात नळी असते."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग ते असे हसले, की बांधलेली गाठ सुटली. "मॅडम, तुमी लई बेरकी हाय राव!"

सरांना आम्ही सांगितलं, की असली सभा आजवर तालुक्यात कुणी घेतली नसेल, पेपरात फोटो येईल. सर खूश. "अभिनव!" म्हणाले. मला जराही अपराधी वाटलं नाही.

सभेच्या दिवशी थंडी मरणाची होती. भाऊंच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, तळ्याच्या काठावर चूल मांडली होती. "तुमी वर याच्या आदी मला कळवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "म्हंजी चहा टाकते."

"खालनं कसं कळवू?"

"बुडबुडं जादा सोडा."

एक जण दोर धरून काठावर पहाऱ्याला थांबला, बाकीचे उतरलो. तळाशी गुडघे टेकून गोल केला. सरांच्या खांद्याला मोठी पिशवी होती. मला वाटलं, कॅमेरा असेल. मी पाटीवर विषय लिहून सगळ्यांसमोर धरला: टाक्यांची तपासणी. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेला गोल, म्हणजे 'ठीक', सगळ्यांनी दाखवला. मंजूर. दुसरा विषय, तोही मंजूर. आदल्या वर्षी जे रात्र पडेपर्यंत जमलं नव्हतं, ते चुटकीसरशी झालं. भाऊंनी चष्म्याच्या काचेआडून मला डोळा मारला.

तेवढ्यात सरांनी पिशवी उघडली.

आत कागद होते. झेरॉक्सच्या दुकानातून प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणलेले. पहिल्यावर ठळक, वळणदार अक्षरात: 'सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो!' सरांनी तो दोन्ही हातांत धरला आणि वर्गात नकाशा दाखवावा तसे गोल फिरले. प्रत्येकासमोर थांबायचे, त्याने 'ठीक' केलं की पुढे. एकाने टाळाटाळ केली, तर त्याच्या चष्म्यासमोर कागद हलवून हलवून वाचायला लावला. दुसरा कागद: 'पृथ्वीवर पाणी कसे आले?'

पाण्याखाली फोन येत नाही. डुलकी घेता येत नाही. एक कटला मासा आला, त्याने तिसरा कागद जवळून पाहिला आणि शेपूट फिरवून निघून गेला. सभात्याग करणारा तेवढाच एक. भाऊंना हसू आवरेना. त्यांच्या नळीतून बुडबुड्यांचा नुसता लोंढा वर निघाला.

कागद येत राहिले. थंडीने आम्ही काकडलो. शेवटी एक कागद आला: 'पुढील वर्षीही मीच अध्यक्ष राहावे, असे आपणांस वाटते काय?'

भाऊंचा धीर सुटला आणि त्यांनी अंगठा वर केला. आता, जमिनीवर अंगठा म्हणजे शाबास. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. ती खूण कुणीही केली, की का म्हणून विचारायचं नाही, सगळ्यांनी अंगठा दाखवून वर निघायचं, असा नियम. त्यामुळे सगळ्यांनी अंगठे वर केले. मीसुद्धा. सरांनी एकेक अंगठा डोळे भरून पाहिला, छातीशी हात जोडले आणि आपलाही अंगठा उंचावला.

वर येताच त्यांनी तोंडातली नळी काढली. "एकमताने! मी आपला ऋणी आहे!"

"सर, आमी वर चला म्हनत व्हतो!" भाऊ ओरडले.

"मग आलो की वर."

काठावर ओल्या अंगाने त्यांनी आभाराचं भाषण केलं. वहिनी पातेलं घेऊन मध्येच आल्या. चहाचा पार काढा झाला होता. "बुडबुडं दिसलं म्हनून कवाच टाकला," त्या नवऱ्यावर डाफरल्या, "तुमचा पत्ताच न्हाई!"

सरांना नारायणगावला सोडायचं काम माझ्याकडे होतं. गाडीत मी विचारलं, "सर, नव्या सभासदांना खुणा तुम्हीच शिकवता ना?"

"पहिल्याच तासाला."

"मग अंगठा म्हणजे काय, हे..."

"मॅडम," सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "सभा पाण्याखाली घ्यायची कल्पना कुणाची होती?"

मी उगाच गिअर बदलला. सर मात्र खुदखुदत राहिले. पुढे उसाची ट्रॉली आडवी होऊन रस्ता अडला होता आणि मागेपुढे गाड्यांची रांग लागली होती. अंधार पडला होता. सरांनी गाडीतला दिवा लावला, पिशवी मांडीवर घेतली आणि राहिलेले कागद बाहेर काढले.

"वाचायचे राहिलेच होते हे," म्हणाले, आणि घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली.