बोटीचं नाक खाली बसेना

चौघांत विहीर असली की भांडणं होतात, चौघांत बोट असली की किस्से होतात. भांडणं कधी ना कधी मिटतात तरी. किस्से साठतच जातात! मित्र म्हणतात, "दत्ता, सांग की बोटीचं, हसू येतं." तुम्हाला येत असेल. माझ्या तर अजून मस्तकात तिडीक जाते.

चौघं म्हणजे डाळजचे तात्या, ट्रॅक्टरमधलं सगळं कळणारे. त्यांचे व्याही आबा, कोऱ्हाळे बुद्रुकचे, अंगानं भरभक्कम आणि मानानं त्याहून. लोणी भापकरचा नाना, ज्याचं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. आणि मी. उजनी धरणाच्या फुगवट्यात फिरायला म्हणून हौसेनं आम्ही एक जुनी स्पीडबोट घेतली. मी कोकणात जाऊन चालवायला शिकून आलो, म्हणून स्टिअरिंग माझ्याकडं.

एवढंच समजून घ्या. स्पीडबोट वेग घेताना आधी नाक वर करते. मग शेपूट उचललं जातं, नाक खाली बसतं आणि बोट पाण्यावर सपाट पळते. आमची बोट नाक वर करायची आणि तशीच राहायची! समोर नुसतं आभाळ. आणि त्याच पाण्यात सोपान त्याच्या छोट्या होडीतून मासे धरतो. मला एकच धास्ती होती, एक दिवस हा माणूस माझ्या हातून मरणार.

*

पहिला उपाय तात्यांचा. एका सकाळी येऊन बघतो तर बोटीच्या मागच्या टोकाला वाळूची पोती!

"तात्या, ह्ये काय?"

"इंजिनाच्या पान्यातल्या पंख्याला ग्रिप नको? चिखलात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात पानी भरतोच की आपन."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आन उसाच्या ट्रॉलीनं ट्रॅक्टरचं तोंड उचाललं, तर वजन कुठं टाकता? पुढंच ना?"

तात्यांनी टोपी सरकवून डोकं खाजवलं. मला वाटलं, जिंकलो.

"ते रानात," तात्या म्हणाले. "ह्ये पानी हाय!"

*

मग नानाची पाळी. मोठी मोटार, जास्त पाणी, हे त्याच्या दुकानातलं शास्त्र. त्यानं मला न विचारता बोटीला जास्त पिचचा, म्हणजे पात्यांना जास्त पीळ असलेला पंखा आणून बसवला. आता इंजिनाला तो फिरवायचाच दम निघेना. धूर, घरघर आणि नाक पहिल्याहून वर!

मी ओरडलो, "नाना, इंजिन मरतंय! लहान पिचचा पंखा पायजे, मंजी इंजिन मोकळं पळतंय आन नाक लवकर खाली बसतंय!"

नाना शांतपणे म्हणाला, "दुकानात आलेलं गिऱ्हाईक लहान पंप मागतं का कधी?"

*

पोती काढली, पंखा बदलला. तरी खरा आजार तसाच, कारण खरा आजार मागच्या सोफ्यावर बसायचा. बोटीत मागं मऊ सोफा आहे, आणि मऊ ती मानाची जागा, असं आमच्या मंडळींनी ठरवून टाकलेलं. आबा मागं, आबांचे पाहुणे मागं, तात्या मागं, नाना मागं. पुढच्या दोन खुर्च्या मोकळ्या! मला शिकवणारा सांगायचा, मागचा माणूस पुढं घे, निम्मी बोट तिथंच सुधारते.

मी हात जोडले. "आबा, तुमी एकटे पुढं आला तरी नाक खाली बसंल."

आबांचा चेहरा उतरला. पाहुण्यांसमोर म्हणाले, "पुढं कोन बसतंय? क्लीनर! मी क्लीनर हाय व्हय?"

दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. शेवटी माफी मीच मागितली, याचा राग वेगळाच!

*

माणसं हलत नाहीत तर लोखंड हलवू, म्हणून मी इंदापूरच्या एका फॅब्रिकेटरकडून स्टीलच्या दोन पट्ट्या करून आणल्या. बोटीच्या मागं, पाण्याच्या पातळीला, दोन बाजूंना बसवल्या. त्या पाणी खाली दाबतात आणि शेपूट उचलतात. पहिल्याच फेरीत नाक खाली बसलं! मला समोरचं पाणी दिसलं, पलीकडचा काठ दिसला, सोपानची होडी दिसली. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी बोट डावीकडंच ओढायला लागली. बघतो तर एक पट्टी वाकलेली.

मागं आबा उभे. गुडघाभर पाण्यातून त्याच पट्टीवर पाय देऊन बोटीत चढले होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पायरी झ्याक केलीस. आता एक कठडाबी बसव!"

*

सोपाननं एकदा काठावर मला बाजूला घेतलं. "दत्ताभाऊ, तुमची बोट आली की मी जाळं सोडून पळतो. पोटावर पाय आला माझ्या."

मला जेवण गेलं नाही. तिघांसमोर तसंच्या तसं सांगितलं.

आबा म्हणाले, "मग बरंच हाय की! हॉर्न बसवायला नको."

*

मग तो रविवार. एक पट्टी वाकल्यावर मी दोन्ही काढून ठेवल्या होत्या. तात्या आज बोटीवर येणार नाहीत असा निरोप होता. प्रत्यक्षात ते ताजे मासे निवडायला सोपानच्या होडीत जाऊन बसलेले, हे आम्हाला ठाऊक नाही. सोफ्यावर आबा, त्यांचे पाहुणे आणि नाना. मी मुद्दाम हळू चाललो होतो. आबा मागून गरजले, "बैलगाडी हाय का ही?" आणि नानानं वाकून वेगाचा लिव्हर पुढं ढकलला!

नाक वर गेलं. आभाळ. आणि खालून कुठून तरी किंकाळी.

मी लिव्हर ओढला, स्टिअरिंग गरकन फिरवलं. होडी वाचली, पण आमच्या लाटेनं उलटली. सोपाननं एका हातानं होडी आणि दुसऱ्यानं तात्यांची कॉलर धरून ठेवली. आम्ही तात्यांना वर ओढलं. वर येताच ते माझ्यावर ओरडले,

"बोट चालवत कोन हुतं? मला बोटीत मानूसच दिसंना!"

"मीच हुतो, तात्या," मी म्हणालो. "मलाबी तुमी दिसला न्हाय."

सोपान अजून पाण्यातच होता, उलट्या होडीला धरून, आम्हाला शिव्या देत. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

आबा सोफ्यावर जरा सरकले. "या तात्या, या. हितं मऊ हाय."

तात्या बसले. आबांच्या उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले,

"चल, घे रेस! आन जरा पुढं बघून चालव!"